जेम्सची खडी फौज आणि सहिष्णुतेचा कैवार

इंग्लंडच्या दुसऱ्या जेम्सची बाजू घेणे ही अलीकडे विद्वत्तेची खूण होऊन बसली आहे. मेकॉलेने रंगविलेला हेकट, जुलमी कॅथलिक राजा आता कोणाला पटत नाही. त्याच्या जागी काळाच्या पुढे असलेला एक धर्मसहिष्णु राजा उभा केला जातो, ज्याला प्रॉटेस्टंट धर्मवेड्यांनी १६८८ साली पदच्युत केले. मेकॉलेवरचा उतारा म्हणून हे क्षम्य आहे. पण या नव्या चित्रात जेम्सची खडी फौज हमखास कोपऱ्यात ढकललेली असते, आणि माझ्या मते खरा वाद तिच्याविषयीच आहे.

फेब्रुवारी १६८५ मध्ये जेम्स गादीवर आला तेव्हा इंग्लंडात जेमतेम नऊ हजार शिपाई होते. त्याच उन्हाळ्यात मॉनमथने बंड केले आणि जुलैमध्ये सेजमूरला ते चिरडले गेले. बंड मोडले, त्यासाठी वाढवलेली फौज मात्र मोडली नाही. वर्षअखेर ती वीस हजारांच्या घरात गेली होती. ९ नोव्हेंबरला जेम्सने पार्लमेंटला सांगितले की, परगण्यांची मिलिशिया कुचकामी ठरली आहे, कायम फौज हवीच. आणि तिच्यातल्या कॅथलिक अधिकाऱ्यांना आपण काढणार नाही. १६७३ च्या टेस्ट कायद्याने असे अधिकारी नेमण्यास मनाई होती. हे पार्लमेंट राजनिष्ठांनी भरलेले होते हे विसरून चालणार नाही. काही महिन्यांपूर्वीच त्याने जेम्सला आजन्म महसूल मंजूर करून दिला होता. त्याच सभासदांनी आता हरकत घेतली. जेम्सने २० नोव्हेंबरला सभा तहकूब केली, ती त्याच्या कारकिर्दीत पुन्हा भरलीच नाही.

कैवारी म्हणतात, कॅथलिक अधिकारी एक दशांशाच्या आसपासच होते, मग एवढा गहजब कशाला? आकडा मान्य. पण प्रश्न आकड्याचा नव्हता. सर एडवर्ड हेल्स या कॅथलिक कर्नलवर १६८६ साली त्याच्याच कोचमनने संगनमताने फिर्याद लावली. प्रतिकूल वाटणारे न्यायाधीश आधीच दूर केले होते. उरलेल्या आणि नव्याने नेमलेल्या बारांपैकी अकरांनी निर्वाळा दिला की, राजा आपल्या मर्जीतल्या माणसाला कायद्यातून सूट देऊ शकतो. आता हिशेब मांडा: पैशासाठी पार्लमेंटपुढे हात पसरायला नको, कायदा आड येत नाही, आणि दर उन्हाळ्यात लंडनच्या पश्चिमेला हाउन्स्लो हीथवर हजारो शिपायांची छावणी. अशा राजाने १६८७ मध्ये सहिष्णुतेचा जाहीरनामा काढला, तोही अशाच राजाधिकाराच्या बळावर. दिलेले परत घेण्यापासून त्याला कोण रोखणार होते? समुद्रापलीकडे उत्तर ताजे होते. फ्रान्समध्ये एका राजाने १५९८ साली दिलेले नांतचे फर्मान त्याच्या नातवाने ऑक्टोबर १६८५ मध्ये रद्द केले होते, आणि धर्मांतर घडवण्यासाठी ह्युगेनॉटांच्या घरांत घोडेस्वार शिपाई आधीपासूनच घुसवले होते. जेम्सने नोव्हेंबरात भाषण केले तेव्हा सभासदांच्या डोळ्यांपुढे काय असेल हे सांगायला इतिहासकार लागत नाही.

राहता राहिला सहिष्णु स्वभाव. सॅम्युएल जॉन्सन नावाच्या पाद्र्याने (कोशकार जॉन्सन नव्हे) १६८६ साली फौजेतल्या प्रॉटेस्टंटांना उद्देशून एक पत्रक काढले. त्याला न्यूगेटपासून टायबर्नपर्यंत चाबकाचे फटके मारीत नेले.

या अविश्वासाची दुसरी बाजूही लपवण्याचे कारण नाही. त्यात आयरिश माणसाविषयीची किळस होती. १६८८ मध्ये पोर्टस्मथला एका पलटणीच्या अधिकाऱ्यांनी आयरिश शिपाई भरती करून घेण्यास नकार दिला, बडतर्फ झाले आणि लोकांचे लाडके ठरले. १६८९ च्या अधिकारपत्राने शस्त्रे बाळगण्याचा हक्क दिला तो फक्त प्रॉटेस्टंटांना. ‘गौरवशाली’ हे विशेषण मीही सैलपणे वापरणार नाही.

परंतु हा अविश्वास निव्वळ धर्मद्वेषाचा असता तर तो जेम्सबरोबर संपायला हवा होता. खुद्द जेम्सच्या फौजेतही तो होता. ३० जून १६८८ रोजी सात बिशप निर्दोष सुटल्याची बातमी हाउन्स्लोला पोचली तेव्हा छावणीने जयघोष केला, आणि राजा तेव्हा छावणीतच होता. नोव्हेंबरात विल्यम उतरल्यावर चर्चिलसारखे सेनापती रातोरात त्याला जाऊन मिळाले. आणि पुढे विल्यमचे काय झाले? प्रॉटेस्टंट, निमंत्रून आणलेला, फ्रान्सशी नऊ वर्षे लढलेला राजा. १६८९ च्या अधिकारपत्राप्रमाणे शांततेच्या काळात पार्लमेंटच्या संमतीवाचून फौज ठेवणे बेकायदेशीर होते. १६९७ मध्ये तह होताच खड्या फौजेविरुद्ध पत्रकांचा पाऊस पडला, आणि १६९९ च्या कायद्याने इंग्लंडातली फौज सात हजारांवर आणली गेली, तीही जन्माने त्याच राज्यातल्या प्रजाजनांची. विल्यमने आपले डच रक्षक तेवढे राहू द्यावेत अशी स्वतः विनंती केली. कॉमन्सने ती नाकारली, आणि ज्यांच्या जोरावर तो लंडनात शिरला होता ते शिपाई हॉलंडला परत गेले.