रेषा आणि सीमा

नागपूरकर वाचकांस पश्चिम आशियातील कलह दूरचा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्याच्या एका टोकाशी मराठी माणूस उभा आहे. कोकण किनाऱ्यावरून इस्रायलला गेलेली अनेक बेने इस्रायल कुटुंबे लोद, रामला व बीरशेबा या शहरांत वसली. मराठी त्यांनी तेथेही जपली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९४७ च्या फाळणी योजनेत ही तिन्ही शहरे अरब राज्याच्या वाट्याला आली होती, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांच्या ध्यानी असेल.

त्या योजनेने ज्यू राज्यास पॅलेस्टाईनची सुमारे ५५ टक्के भूमी देऊ केली. ज्यू नेत्यांनी ती स्वीकारली, अरबांनी धुडकावली. भारतानेही विरोधी मत दिले. पाठोपाठ भडकलेले युद्ध १९४९ मध्ये शमले, तेव्हा इस्रायलच्या हाती सुमारे ७८ टक्के भूमी होती आणि लोद-रामल्यातील बहुसंख्य अरबांसह सुमारे सात लाख पॅलेस्टिनी निर्वासित झाले होते. उरलेला पश्चिम तीर जॉर्डनने आणि गाझा इजिप्तने आपल्या ताब्यात ठेवला; १९६७ च्या सहा दिवसांत तोही इस्रायलने जिंकला. १९९५ च्या ऑस्लो कराराने पश्चिम तीराचे तीन विभाग पाडले, तरी सुमारे ६० टक्के भूभागावर इस्रायलचेच पूर्ण नियंत्रण राहिले. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या नृशंस हल्ल्यानंतरच्या युद्धात गाझा उद्ध्वस्त झाले, आणि २०२५ च्या युद्धविरामाने त्या चिंचोळ्या पट्टीतही एक 'पिवळी रेषा' ओढली.

यांतील टिकली कोणती? १९४९ ची युद्धविराम रेषा ही राजकीय सीमा नव्हे, असे इजिप्तशी झालेल्या करारातच नमूद होते. उलट त्याच इजिप्तशी १९७९ मध्ये तह झाला, १९८२ मध्ये इस्रायली सैन्य सिनाईतून परतले, आणि तेव्हापासून त्या दोन राष्ट्रांत युद्ध झालेले नाही. एक रेषा सैन्याने आखली होती, दुसरीवर उभयतांच्या स्वाक्षऱ्या होत्या. फरक एवढाच, पण तोच निर्णायक.

भारताने १९८८ मध्ये पॅलेस्टाईनला मान्यता दिली, १९९२ मध्ये इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले. उभय पक्षांशी बोलू शकणाऱ्या राष्ट्राने तडजोडीचा आग्रह धरलाच पाहिजे. लोदमधील मराठी कुटुंबास निर्भयता आणि तेथून परागंदा झालेल्या पॅलेस्टिनी कुटुंबास न्याय मिळण्याचा दुसरा मार्ग आम्हांस दिसत नाही.