नळी की खिशातले यंत्र?

"डॉक्टर, जरा नळी लावून बघा," असे म्हणणारे रुग्ण आमच्या जेऊरला आजही रोज भेटतात. छातीला नळी टेकली की तपासणी पुरी झाली, असा लोकांचा विश्वास आहे. 1816 साली पॅरिसच्या डॉ. लेनेक यांनी कागदाची गुंडाळी करून हृदयाचे ठोके ऐकले, तेव्हापासून स्टेथोस्कोप ही डॉक्टरची ओळखच झाली. आता मात्र खिशात मावेल असे सोनोग्राफी यंत्र निघाले आहे. त्याच्या छोट्या पडद्यावर हृदयाच्या झडपा उघडताना-मिटताना प्रत्यक्ष दिसतात. मग नळी खुंटीला टांगून ठेवावी काय?

आपल्या ग्रामीण भागात लहान वयात झडपा बिघडण्याचे मोठे कारण म्हणजे संधिवाताचा ताप. साधारण 5 ते 15 या वयात स्ट्रेप्टोकॉकस जंतूमुळे घसा सुजतो. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, गुडघे, घोटे सुजतात. सांधे बरे होतात, पण झडपांवर व्रण राहून जातात. मूल हसते-खेळते असते. पुढे वीस-पंचविसाव्या वर्षी दम लागू लागतो. कित्येक मुलींच्या बाबतीत तर पहिल्या बाळंतपणातच हे दुखणे उघडकीस येते आणि तेव्हा जिवावर बेतते.

नळीने हे आधी कळत नाही काय? कधी कळते, कधी नाही. अरुंद झालेल्या झडपेचा आवाज अगदी मंद असतो. रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून, शांत खोलीत, लक्ष देऊन ऐकावा लागतो. बाजाराच्या दिवशी गर्दीच्या दवाखान्यात तो निसटू शकतो. सुरुवातीच्या बिघाडात तर आवाजच नसतो. उलट रक्त कमी असलेल्या स्त्रीच्या किंवा धडधाकट मुलाच्या छातीतही निरुपद्रवी आवाज येतो आणि घरचे घाबरून जातात.

हरियाणातील बल्लभगड येथे शाळकरी मुलांची तपासणी झाली. तिचे निष्कर्ष 2011 साली प्रसिद्ध झाले. नळीने हजारी एकालाही हा विकार सापडला नाही. इको तपासणीत मात्र हजारी सुमारे 20 मुलांत झडपांचा दोष दिसला. एवढी तफावत पाहिल्यावर, निव्वळ नळीवर विसंबून शाळेतील मुलांना 'निरोगी' ठरवणे मला पटत नाही.

लवकर सापडल्याचा उपयोगही आहे. युगांडात 818 मुलांवर झालेला अभ्यास 2021 साली प्रसिद्ध झाला. दर चार आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन घेणाऱ्या मुलांपैकी दोन वर्षांत 0.8 टक्के मुलांचा विकार वाढला. इंजेक्शन न घेणाऱ्यांत तो 8.2 टक्के मुलांचा वाढला. औषध जुने आणि स्वस्तच आहे.

तर मग प्रत्येक डॉक्टरच्या खिशात हे यंत्र द्यावे, असे कोणी म्हणेल. मला ते मान्य नाही. जे यंत्र हृदय दाखवते, तेच गर्भही दाखवते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य होते. ते साल 1988. तरीही सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुली 2001 साली 913 होत्या, त्या 2011 साली 894 झाल्या. 2012 साली हलत्या सोनोग्राफी यंत्रांवर कडक निर्बंध आले ते उगाच नव्हे. ते सैल करू नयेत.

पण त्याच नियमांत, इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकात असे यंत्र वापरण्याची मुभा आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके 2013 पासून शाळांमधून फिरतात आणि हृदयाचा हा विकार त्यांच्या यादीतही आहे. या तरतुदीचा आधार घेऊन पथकांना नोंदणीकृत यंत्र आणि ते हाताळणारा प्रशिक्षित माणूस द्यावा. पथकाने फक्त मुलांचे हृदय तपासावे. दम लागणाऱ्या गरोदर स्त्रीला मात्र नोंदणीकृत केंद्रातच पाठवावे. खिशातल्या यंत्राचा निकाल हा अखेरचा नव्हे. संशय आला तर मोठ्या यंत्रावर पूर्ण इको व्हायलाच हवा. आणि दोष ठरल्यावर इंजेक्शन गावाजवळ मिळाले पाहिजे. रिअॅक्शनच्या भीतीने अनेक डॉक्टर ते टाळतात. योग्य ती खबरदारी घेऊन ते देण्याची सोय ग्रामीण रुग्णालयात नसेल, तर नुसते दोष शोधून काय साधणार?

नळी राहणारच. कोणाला पुढे पाठवायचे, हे तीच आधी सुचवते. पालकांनीही एवढे लक्षात ठेवावे: मुलाचा घसा तापासह दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवा. सांधे सुजून आपोआप बरे झाले, तरी हृदयाची तपासणी करून घ्या. आणि पेनिसिलीन सुरू झाले असेल, तर मूल बरे दिसते म्हणून मनाने बंद करू नका.