गुन्हेगार सापडला, न्यायाचे काय?

अभिजात इंग्रजी रहस्यकथेत अखेर न्याय होतो व म्हणून ती वाचकाला समाधान देते, असे सामान्यतः मानले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते हे विधान अर्धेच खरे आहे. अशा कथेत हमखास मिळते ते उत्तर. विष कोणी घातले, मृत्युपत्र कोणी बदलले, हे कळते. आपल्या भाषेत ‘निवाडा’ आणि ‘न्याय’ असे दोन वेगळे शब्द आहेत. रहस्यकथा निवाडा नक्की देते. न्यायाविषयी मात्र ती बहुधा मौन बाळगते.

या मौनामागे एक गृहीत आहे. खून होण्यापूर्वी त्या गावात, त्या वाड्यात सारे काही ठीक होते. खुनाने घडी विस्कटली. गुप्तहेराने ती पुन्हा बसविली. वाड्याची मालमत्ता मुळात कोठून आली, हे सहसा कोणी विचारत नाही.

भंडारदऱ्याच्या परिसरातील विद्यार्थ्याला हा प्रश्न टाळता येणार नाही. अकोले तालुक्यातील देवगावच्या राघोजी भांगरे यांनी 1840 च्या दशकात सावकार आणि कंपनी सरकार यांच्याविरुद्ध बंड केले. सरकारच्या दप्तरी ते दरोडेखोर ठरले आणि 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. या घटनेवर त्या काळच्या इंग्रजी धाटणीची रहस्यकथा लिहिली गेली असती, तर तिचा नायक सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांत माग काढणारा अधिकारी असता आणि कथा फासापाशी संपली असती. कर्जरोख्यावर अंगठा कसा घेतला गेला, व्याज मुद्दलाच्या किती पट झाले, हे तपासाच्या कक्षेतच आले नसते.

ते तपासावे लागले पुढे, 1875 साली. पुणे व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे हिसकावून जाळले, तेव्हा सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. त्यानंतर 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. त्या कायद्याने न्यायालयाला रोख्यावरील आकडा प्रमाण न मानता व्यवहाराचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार दिला. शेरलॉक होम्सचा जन्म होण्यापूर्वी आठ वर्षे आपल्याकडील मुन्सफाला कागदामागचे सत्य शोधण्याचे काम मिळाले होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

इंग्रजी लेखक याविषयी अगदीच अनभिज्ञ होते, असे नाही. विल्की कॉलिन्स यांच्या ‘द मूनस्टोन’ (1868) या कादंबरीतील हिरा मुळात 1799 साली श्रीरंगपट्टणच्या लुटीत चोरलेला आहे. इंग्लंडमधील चोरीचा छडा लागतो. परंतु पहिल्या चोरीचे परिमार्जन कोणतेही इंग्रजी न्यायालय करीत नाही. ते करतात हिऱ्यामागे आलेले तीन ब्राह्मण, आणि तेही खून करून. रहस्यकथेचा शेवट उघड करू नये हा संकेत मोडून अगाथा ख्रिस्ती यांच्या ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस’ (1934) चाही उल्लेख करावा लागतो. कायद्याच्या हातून सुटलेल्या माणसाला बाराजण मिळून शिक्षा देतात आणि प्वारो त्यांना पोलिसांच्या हवाली करीत नाही. येथे निवाडा व न्याय यांची फारकत लेखिकेने उघडपणे मान्य केली आहे.

बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड कायद्याची चौकट ओलांडतात, म्हणून काही समीक्षक त्यांना स्वप्नरंजन म्हणून बाजूस सारतात. ते स्वप्नरंजन आहेच. परंतु तारखांवर तारखा पाहिलेल्या वाचकाला ते का हवेसे वाटले, हा प्रश्न उरतोच.

होम्सच्या उदारपणाकडेही असेच चिकित्सक दृष्टीने पाहावे. ‘द ॲबी ग्रेंज’ (1904) मध्ये तो वॉटसनला ज्यूरी करून खुन्याला सोडून देतो. ‘द ब्लू कार्बंकल’ (1892) मध्ये तो खऱ्या चोराला दारातून जाऊ देतो. नाताळचे दिवस आहेत, चोर रडतो आहे. वाचकाचेही मन द्रवते. परंतु या चोरीसाठी हॉर्नर नावाचा नळजोडणी करणारा कारागीर कोठडीत आहे. पूर्वी एकदा त्याला शिक्षा झालेली होती, एवढ्यावर संशय दृढ झाला. ‘गुन्हेगार’ ठरविल्या गेलेल्या जमातींवरील तो शिक्का कायद्याने 1952 साली पुसला. पूर्वीची नोंद म्हणजे पुरावा ही सवय त्यांना चांगलीच ठाऊक आहे. खटला टिकणार नाही, असे होम्स सहज म्हणतो आणि जेवणाकडे वळतो. हॉर्नर कोठडीतून केव्हा सुटला, हे कथेत आलेले नाही.