पाळी गेल्यानंतरचा डाग

बार्शी आपल्या नातेपुत्याच्याच जिल्ह्यातली. परंतु गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयीचे एक मोठे संशोधन तेथून झाले, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. तेथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधील एक संशोधन संस्था यांनी १९९९ मध्ये शेजारच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास आरंभिला.

हा कर्करोग बहुधा एचपीव्ही विषाणूच्या दीर्घकाळ रेंगाळलेल्या संसर्गातून उद्भवतो. ज्या गटासाठी या विषाणूची केवळ एकदा तपासणी आणि आवश्यक तेथे उपचार योजले, त्यातील सुमारे ३४ हजारांपैकी आठ वर्षांत ३४ स्त्रिया या कर्करोगाने दगावल्या. ज्यांची तपासणी योजली नव्हती, त्या सुमारे ३१ हजारांपैकी ६४. (या गटाला तपासणीविना का ठेवले, हा आक्षेप पुढे घेतला गेला; मला तो रास्त वाटतो.)

तेव्हा तिशी ओलांडलेल्या लेकीसुनांना तपासणीस अवश्य पाठवा. आणि आजींनो, पाळी गेल्यानंतर रक्ताचा एक डागही ‘उष्णता’ नव्हे. कारण पुष्कळदा किरकोळ निघते, पण ते तपासूनच ठरते. शुश्रूषा करणाऱ्यांनी लुगडे, अंथरूण बदलताना लक्ष ठेवावे. डाग दिसल्यास एकांतात, हळुवारपणे विचारावे. संकोचापोटी त्या आपणहून सांगत नाहीत.