कबुतराचं घरटं आणि शेजाऱ्याचा हक्क



मीरा रोडच्या नया नगरात किंवा भाईंदरच्या जुन्या इमारतींत राहणाऱ्यांना कबुतरांची ओळख करून द्यायला नको. एसीच्या बाहेरच्या युनिटमागे, बाथरूमच्या डक्टमध्ये, खिडकीच्या छज्जावर चार काड्या पडल्या की त्यांचं घर तयार. आमच्याकडेही तसंच झालं. अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, फजरनंतर रोज खिडकीत मूठभर ज्वारी टाकत. सवाबाचं काम, म्हणून कुणी अडवलं नाही.

मग खालच्या मजल्यावरच्या खालांचा खोकला वाढला. जिना चढताना धाप लागू लागली. छातीच्या डॉक्टरांनी विचारलं, "घराजवळ कबुतरं आहेत का?" खाला आमच्याकडे काही बोलल्या नाहीत. त्यांच्या मुलीने सांगितलं, की विष्ठेमुळे खिडकीच उघडता येत नाही. आमचा सवाब त्यांच्या खिडकीवर पडत होता.

कबुतराची विष्ठा वाळली की तिची धूळ होते. ती आणि पिसांचा भुगा वर्षानुवर्षं श्वासात गेला तर काहींच्या फुफ्फुसांना सूज येते. डॉक्टर याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिस म्हणतात. दुखणं लांबलं तर फुफ्फुसं कायमची कडक होऊ शकतात. ऑगस्ट २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली, तेव्हा याच कारणावरून केवढा वाद झाला, ते आपण पाहिलंच.

आम्ही जाळीवाल्याला बोलावलं. एसीमागे घरट्यात दोन अंडी होती. तो म्हणाला, "बाजूला करतो, पाच मिनिटांचं काम." अम्मींनी त्याला थांबवलं. सुनन अबू दाऊदमध्ये हजरत अब्दुल्लाह इब्ने मसऊद (रजि.) यांनी सांगितलेला प्रसंग त्यांना आठवला. प्रवासात काही सहाबांनी एका छोट्या पक्ष्याची दोन पिल्लं उचलली. मादी पंख फडफडवत आली. तिला पिल्लांवरून कुणी दुखावलं, असं प्रेषितांनी (सल्ल.) विचारलं आणि पिल्लं परत करायला सांगितली.

पण ज्याच्या त्रासापासून शेजारी सुरक्षित नाही, त्याला प्रेषितांनी (सल्ल.) किती कडक इशारा दिला आहे, हेही आपण जाणतो. अंडी उबायला सुमारे अठरा दिवस, पिल्लं उडायला पुढे चार-पाच आठवडे. तेवढे दिवस खालांनी काय करायचं? शेवटी अम्मी स्वतः खाली गेल्या, माफी मागितली. खाला म्हणाल्या, "पिल्लं उडू द्या, पण दाणे आजच बंद करा." आणि त्या मुलीकडे मुंब्र्याला राहायला गेल्या. आमच्या मूठभर ज्वारीपायी एका आजारी बाईला घर सोडावं लागलं, हे अम्मींना फार लागलं.

पिल्लं उडाली त्याच दिवशी जाळी लागली. उशीर करून चालत नाही. पहिली पिल्लं घरट्यात असतानाच मादी पुन्हा अंडी घालू शकते. कबूतर पकडून लांब सोडण्यातही अर्थ नाही, ते वाट शोधत परत येतं.

आमच्या अनुभवातून काही गोष्टी सांगते.

काड्या दिसू लागताच, अंडी पडण्याआधी, रोज उचलून टाका. ही पाच मिनिटं पुढचे दीड-दोन महिने वाचवतात.

जाळीची भोकं दोन इंचांहून मोठी नकोत. जाळी चारही बाजूंनी ताणून बसवा. सैल जाळीत पक्षी अडकून मरतो. लावण्याआधी आत पक्षी किंवा पिल्लू राहिलं नाही, हे स्वतः पाहा.

छज्जावर उतरती फळी बसवली तर कबुतराला बसता येत नाही. चिकट गोंद मात्र लावू नका, त्यात पंख अडकून पक्षी हाल होऊन मरतो. चकचकीत सीडी टांगल्या तर चार दिवसांत कबुतरं त्यांना सरावतात.

वाळलेली विष्ठा कोरडी झाडू नका. मास्क आणि हातमोजे घाला, साबणाच्या पाण्याने ती नीट भिजवा, मग खरवडून पिशवीत बांधा. दम्याच्या रुग्णाला आणि मुलांना दूर ठेवा.

डक्ट सगळ्यांचा असतो. एका घराने जाळी लावली तर कबुतरं शेजारच्या खिडकीत जातात. म्हणून सोसायटीच्या सभेत विषय काढा आणि संपूर्ण डक्ट वरपासून खालपर्यंत एकदाच बंद करून घ्या.

खाला परत आल्या आहेत. खोकला पूर्ण गेलेला नाही, औषधं चालू आहेत. पण खिडकी उघडी असते. अम्मी आता ज्वारीच्या पैशांतून दर महिन्याला थोडी रक्कम बाजूला ठेवतात. खालांच्या औषधांना ती देऊ केली, तर त्यांनी घेतली नाही. म्हणाल्या, "डक्टच्या जाळीला द्या." पुढच्या सभेत आमची पहिली वर्गणी तीच असेल, इन्शाअल्लाह.