राजवाडा आणि वसाहत : व्हिएन्नातील दोन दिवस

युरोपातील एखादी ऐतिहासिक राजधानी पाहून आलो असे कोणी सांगितले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे राजवाडे, चर्चचे मनोरे आणि संगीतगृहे उभी राहतात. त्या शहरात माणसे कशी राहत होती, भाडे किती देत होती, पाणी कोठून भरत होती, असे प्रश्न पर्यटकाने विचारावयाचे नसतात असा एक अलिखित संकेतच आहे. मार्गदर्शक पुस्तके राजघराण्यांच्या वंशावळी तोंडपाठ करवून घेतात. परंतु ज्यांच्या करांतून आणि श्रमांतून ते वैभव उभे राहिले, त्यांचा पत्ता मात्र देत नाहीत. इतिहास कोणाचा मानावयाचा हा प्रश्न अशा रीतीने सहलीच्या वेळापत्रकातच निकालात निघतो.

माझे एक जुने सहाध्यायी बँकेच्या नोकरीतून निवृत्त झाले आहेत. त्यांची मुलगी म्युनिकला असते. तेथून आगगाडीने व्हिएन्ना चार तासांच्या अंतरावर. शुक्रवारी संध्याकाळी निघावे, शनिवार-रविवार शहर पाहावे आणि परत यावे असा बेत आम्ही दोघांनी केला. शनिवार पुस्तकाबरहुकूम गेला. सेंट स्टीफनचे कॅथीड्रल आणि त्याचा १३६ मीटर उंचीचा दक्षिण मनोरा पाहिला, हॉफबुर्ग पाहिला आणि दुपारी शॉनब्रुनचा राजवाडा गाठला. या राजवाड्यात १४४१ खोल्या आहेत. तेवढ्यांपैकी चाळीसएक पाहतानाच आमचे पाय बोलू लागले. मित्र म्हणाले, “इतक्या खोल्यांत राहणाऱ्याला आपण नेमके कोठे आहोत हे तरी कळत असेल का?” प्रश्न विनोदाचा होता, परंतु साम्राज्याच्या अखेरच्या काळाविषयी याहून नेमका प्रश्न क्वचितच विचारला गेला असेल.

शॉनब्रुनसमोरून भुयारी रेल्वेचा ‘यू-४’ हा मार्ग जातो. त्याचा बराचसा भाग मुळात १९०० च्या सुमारास वास्तुविशारद ओटो वाग्नर यांच्या देखरेखीखाली बांधला गेला. जवळच हीट्झिंग येथे सम्राटासाठी एक स्वतंत्र, घुमटाचे स्थानक उभारण्यात आले. सम्राट फ्रान्झ योसेफ यांनी त्याचा उपयोग अवघा दोनदा केला असे सांगतात. त्याच मार्गाने उत्तरेकडे शेवटपर्यंत गेले की हायलिगेनश्टाट हे स्थानक लागते. तेथे उतरताच समोर एक किलोमीटरहून अधिक लांबीची, प्रचंड कमानींची, लालसर रंगाची वास्तू दिसते. तिचे नाव कार्ल मार्क्स हॉफ. रविवारी तेथे जाण्याचा आग्रह माझा होता. “राजवाडे सोडून चाळ पाहायला कशाला नेतोस?” अशी कुरकुर करीतच मित्र आले.

ही ‘चाळ’ समजून घ्यावयाची तर थोडे मागे जावे लागते. १८५७ साली सम्राटाने शहराचा जुना तट पाडण्याची आज्ञा दिली आणि १८६५ साली त्या जागी रिंगश्ट्रास हा भव्य वर्तुळमार्ग खुला झाला. त्याच्या कडेने धनिकांच्या हवेल्या उठल्या. त्याच काळात कारखान्यांसाठी बोहेमिया-मोराव्हियातून आलेले मजूर उपनगरांतील अंधाऱ्या भाड्याच्या इमारतींत कोंबले जात होते. मजल्यावरच्या सर्व बिऱ्हाडांना बोळातील एकच नळ आणि सामाईक शौचकूप. ज्यांना खोली परवडत नसे ते दुसऱ्याच्या बिऱ्हाडातील नुसती खाट काही तासांपुरती भाड्याने घेत. रात्रपाळीचा मजूर उठून गेला की दिवसपाळीचा त्याच खाटेवर पडे. गिरणगावातील खोल्यांत पाळीपाळीने पथाऱ्या टाकणारे आपले कोकणातले चाकरमानी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. क्षयाला तर युरोपात ‘व्हिएन्नाचा रोग’ असेच नाव पडले होते.

पहिल्या महायुद्धानंतर साम्राज्य कोसळले. १९१९ च्या मे महिन्यात सार्वत्रिक मतदानाने झालेल्या निवडणुकीत सामाजिक लोकशाहीवादी पक्षाला व्हिएन्नाच्या नगरसभेत स्पष्ट बहुमत मिळाले. १९२२ च्या आरंभी शहराला स्वतंत्र प्रांताचा दर्जा लाभला आणि त्याबरोबर कर बसविण्याचा अधिकारही आला. अर्थखाते पाहणारे ह्यूगो ब्राइटनर हे, योगायोग पाहा, मूळचे बँकवाले. त्यांनी मोटारगाड्या, घोडे, घरगुती नोकर, चैनीच्या वस्तू यांवर कर बसविले. १९२३ साली त्यांनी चढत्या दराचा गृहनिर्माण कर आणला. या कराची रचना अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासावी अशी आहे. कर सर्वांवर होता, परंतु मजुराच्या खोलीवर नाममात्र आणि हवेलीवर जबर. शहरातील जेमतेम अर्धा टक्का, सर्वांत महागड्या जागांनी एकूण कराचा सुमारे ४५ टक्के भार उचलला.

याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी, की घरे कर्ज काढून नव्हे, तर मुख्यतः चालू करउत्पन्नातून बांधली गेली. व्याज आणि मुद्दलाची परतफेड भाड्यातून काढावयाची नसल्यामुळे भाडे केवळ देखभालीपुरते ठेवता आले. ते मजुराच्या वेतनाच्या चार टक्क्यांच्या आसपास होते. १९३४ पर्यंत अशी साठ हजारांहून अधिक घरे उभी राहिली.

कार्ल मार्क्स हॉफ हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. वास्तुविशारद कार्ल एन यांच्या आराखड्यानुसार ते १९२७ ते १९३० या काळात बांधले गेले आणि महापौर कार्ल झाइट्स यांनी त्याचे उद्घाटन केले. एकूण जागेच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी भागावर बांधकाम, बाकी सारी मोकळी अंगणे आणि झाडे. घरे लहान, परंतु प्रत्येकात पाणी आणि शौचालय. शिवाय सामाईक धुलाईगृहे, स्नानगृहे, बालवाड्या, ग्रंथालय, दवाखाना. एका धुलाईगृहात आता या साऱ्या प्रयोगाचे छोटेखानी संग्रहालय आहे. तेथील माहिती वाचता वाचता माझ्या बँकवाल्या मित्रांनी सहज एक बेरीज मांडली : तिकडे १४४१ खोल्या एका घराण्याला आणि त्याच्या दरबाराला, इकडे १३८२ घरे पाच हजार माणसांना. कुरकुर तेथे थांबली.

त्यांनी एक रास्त शंका मात्र काढली. भाडेनियंत्रणाने घरबांधणी मरते हे आपण मुंबईत पाहिले नाही काय? ही शंका व्हिएन्नातच प्रथम जोरकसपणे मांडली गेली होती. त्या काळी मिझेस आणि हायेक हे दोघेही अर्थशास्त्रज्ञ त्याच शहरात होते. भाडे गोठविले तर खाजगी गुंतवणूक आटते, असे हायेक यांचे म्हणणे होते. ते चुकीचे नव्हते; खाजगी बांधकाम खरोखरच आटले. परंतु तेवढ्यावर गोष्ट संपत नाही. भाडे गोठल्यामुळे जमिनीच्या किमतीही पडल्या आणि नगरपालिकेने त्या स्वस्तात खरेदी केल्या. जी पोकळी खाजगी भांडवलाने सोडली, ती सार्वजनिक भांडवलाने भरून काढली. त्याच शहरात राहिलेल्या कार्ल पोलान्यी यांनी पुढे या प्रयोगाचा गौरव केला. हायेक आणि पोलान्यी यांचे गाजलेले ग्रंथ १९४४ या एकाच वर्षी प्रसिद्ध झाले आणि जगाने दीर्घकाळ पहिल्याचेच अधिक ऐकले.

मुंबईने यातले अर्धेच केले. आपल्याकडे १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर बांधली गेली, परंतु त्याच्या जोडीला पुरेशी सार्वजनिक बांधणी कधीच झाली नाही. परिणामी भाडेकरूला संरक्षण मिळाले, पण इमारतीला मिळाले नाही. उपकरप्राप्त इमारती आजही पावसाळ्यात कोसळतात. दोष नियंत्रणाचा की अर्धवट धोरणाचा, याचे उत्तर व्हिएन्ना देते. त्याच दशकात इंग्रज सरकारने मुंबईत बीडीडी चाळी बांधल्या होत्या. कापसाच्या गाठीवर एक रुपया कर आणि मोठे कर्ज, असा त्यांचा आर्थिक आधार होता. पन्नास हजार खोल्यांचा संकल्प सोळा हजारांच्या आसपास थांबला. एकशेसाठ चौरस फुटांची खोली आणि सामाईक शौचालय. व्हिएन्नाची घरे निवडून दिलेल्या नगरसभेने बांधली, आपल्या चाळी गव्हर्नरच्या आज्ञेने आल्या. दोहोंतील अंतर केवळ चौरस फुटांचे नाही.

आज त्या चाळींचा पुनर्विकास सुरू आहे आणि २०२५ साली वरळीतील पहिल्या काही कुटुंबांना पाचशे चौरस फुटांची घरे मिळाली, याचा आनंदच आहे. परंतु झोपडपट्टी पुनर्वसनापासून चाळींपर्यंत आपल्या साऱ्या योजनांचे एकच गणित आहे : जमीन जितकी महाग, तितकी बाजारात विकावयाच्या घरांतून मिळणारी रक्कम मोठी, आणि त्या रकमेतून गरिबाचे घर. म्हणजे गरिबाला घर मिळण्यासाठी घरे महाग राहिलीच पाहिजेत! ज्या उपायाचा आधारच रोग आहे, तो उपाय रोग कसा बरा करणार?

व्हिएन्नाचा प्रयोग निर्वेध चालला असे मात्र कोणी समजू नये. १९३३ साली डोलफुस यांनी संसद मोडीत काढली. १२ फेब्रुवारी १९३४ रोजी यादवी पेटली आणि लष्कराने कार्ल मार्क्स हॉफवर तोफा डागल्या. महापौरांना अटक झाली, पक्षावर बंदी आली, वास्तूचे नाव पुसले गेले. १९३८ साली नाझी आले तेव्हा याच नगरपालिकेच्या घरांतून ज्यू भाडेकरूंना बाहेर काढण्यात आले. भिंती त्याच होत्या, लोकशाही नव्हती. सार्वजनिक मालकी ही लोकसत्तेच्या हाती असेल तरच सार्वजनिक राहते, हा धडा समाजवाद्यांनी तरी कधी विसरू नये.

युद्धानंतर नाव परत आले आणि बांधणीही. २००४ नंतर काही वर्षे नगरपालिकेने स्वतः नवी घरे बांधणे थांबविले होते. ते धोरण २०१५ साली बदलावे लागले. आज शहराच्या मालकीची सुमारे दोन लाख वीस हजार घरे आहेत आणि जवळजवळ निम्मे व्हिएन्नाकर नगरपालिकेच्या वा अनुदानित घरांत राहतात. प्रतीक्षायाद्या आहेत, नवागतांच्या तक्रारी आहेत. स्वर्ग तेथे नाही. परंतु शिक्षिका, ट्रामचालक आणि परिचारिका शहराच्या पोटात राहू शकतात, रोज दोन तास लोकलला लोंबकळत त्यांना यावे लागत नाही.

राजवाडे पाहू नयेत असे माझे म्हणणे नाही. ते अवश्य पाहावेत, कारण संपत्ती एका ठिकाणी साचली की काय होते हे त्यांच्याइतके स्पष्ट कोणी सांगत नाही. परंतु त्याच तिकिटात, त्याच मार्गावर, शेवटच्या स्थानकापर्यंतही जावे. व्हिएन्नाच्या नगरपालिकेने वसाहतींच्या भिंतींवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहे, की ही इमारत अमुक वर्षी गृहनिर्माण कराच्या पैशातून बांधली. ना पुढाऱ्याचे छायाचित्र, ना कृपेची भाषा. नागरिकांनी कर दिला आणि नागरिकांना घरे मिळाली, एवढाच हिशेब. आपल्या शहरांतील किती भिंतींवर असे वाक्य खरेपणाने लिहिता येईल, याचा विचार यापुढे मते मागावयास येणाऱ्या प्रत्येकाला करावयास लावणे आपल्या हाती आहे.