देणगीदारांची यादीही अमानतच

रमजानचा चांद दिसला की मशिदी, मदरसे आणि मोहल्ल्यातील बैतुलमाल कमिट्यांची लगबग सुरू होते. जकात, सदका, फितरा यांसाठी आवाहने निघतात. ज्या यादीवरून ही आवाहने जातात, ती मात्र बहुतेक ठिकाणी एक नसतेच. खजिनदारांची एक्सेल फाईल, गावोगावी फिरणाऱ्या सफीरांच्या उर्दू नोंदवहीवरून केलेली दुसरी फाईल, रेशन किट वाटणाऱ्या तरुणांचा गुगल फॉर्म आणि क्यूआर कोडवर आलेल्या रकमांचे बँक स्टेटमेंट. एकच माणूस या चार ठिकाणी चार नावांनी असतो: शेख मोहम्मद इब्राहिम, एम. आय. शेख, इब्राहिमभाई आणि ‘इब्राहिम चक्कीवाले’. मग एकाच सकाळी त्यांना चार संदेश जातात.

याद्या एक करण्याचे काम कमिटी एखाद्या कॉलेजच्या मुलावर सोपवते. सूचना एवढीच, ‘डुप्लिकेट काढून टाक.’ इथेच चूक होते.

एकाच मोहल्ल्यात मोहम्मद इब्राहिम शेख नावाचे तिघे असू शकतात. नावावरून नोंदी जोडल्या तर एकाची जकात दुसऱ्याच्या खात्यावर चढते. मोबाईल नंबर त्यापेक्षा बरा आधार. पण कुठे आधी शून्य असतो, कुठे ९१, आणि बारा अंकी नंबर एक्सेलच्या साध्या रकान्यात भलताच आकडा दाखवतो. शेवटचे दहा अंक ठेवून मग जुळणी करावी. तरीही बाप-लेक एकच नंबर वापरतात आणि बंद झालेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याच माणसाला मिळतो. म्हणून शंका असलेली नोंद पुसू नये. ती वेगळी काढावी आणि मोहल्ला ओळखणाऱ्या दोघा बुजुर्गांना विचारावी. मूळ फायली जशाच्या तशा जपाव्यात.

तारखांचा घोळ आणखी निराळा. जकात चांद्र वर्षाने निघते, हिशेब मात्र एप्रिल ते मार्च असा चालतो. २०२३ चा रमजान मार्चअखेरीस सुरू होऊन एप्रिलमध्ये संपला. २०२४ चा १२ मार्चला सुरू झाला. एखाद्याने एप्रिल २०२३ मध्ये आणि पुन्हा मार्च २०२४ मध्ये तेवढीच रक्कम दिली असेल, तर एकाच आर्थिक वर्षात त्याच्या दोन सारख्या नोंदी दिसतात. घाईत त्यातली एक डुप्लिकेट म्हणून उडते. ती दोन वर्षांची जकात होती, हे मग कोणाला कळणार?

सर्वांत मोठा धोका नियतीचा रकाना गमावण्याचा आहे. कुरआनच्या सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत. मशिदीच्या बांधकामाला जकात चालत नाही, असे बहुतेक उलेमांचे मत आहे. त्यासाठी लिल्लाह रक्कम असते. फितरा तर ईदच्या नमाजपूर्वी गरिबांपर्यंत पोहोचायला हवा. याद्या जोडताना या रकमांची बेरीज करून ‘एकूण देणगी’ असा एकच आकडा ठेवला, तर गरिबाचा हक्क रंगरंगोटीत जाऊ शकतो. त्यात कोणाची लबाडी नसेल, पण हकदाराचे नुकसान तेवढेच.

यादी कोणाच्या हाती आहे, हेही पाहिले पाहिजे. सदका उघडपणे देणे चांगले, पण गुपचूप गरिबाला देणे अधिक चांगले, अशी कुरआनची शिकवण आहे. आणि इथे नावे-रकमांची फाईल कमिटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरते! कालचा देणारा आज धंदा बुडाल्याने घेणारा होऊ शकतो. त्याचे नाव दोन्ही याद्यांत दिसले, की चर्चा सुरू होते. मग तो पुढच्या वेळी मागायलाच येत नाही, आणि त्याच्या घरची सहेरी कोरडी राहते. देणारे आणि घेणारे यांच्या याद्या वेगळ्याच हव्यात, आणि त्या दोघा-तिघांपलीकडे जाऊ नयेत.

नोंद ठेवणे ही काही आजची टूम नाही. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. हजरत उमर यांनी दिवाण स्थापून वेतन-भत्त्यांच्या नोंदवह्या सुरू केल्या. जकातीच्या आठ हकदारांत तर ती गोळा करणारे आणि तिची व्यवस्था पाहणारेही आहेत. म्हणजे हे काम मेहनतीचे आणि मोबदल्याचे मानले गेले आहे. तरीही कमिट्या मंडपावर, इफ्तारच्या जेवणावळीवर सढळ खर्च करतात आणि नोंदीचे काम फुकटात, रात्री तरावीहनंतर उरकतात.

हे काम शाबान महिन्यातच व्हायला हवे. यंदा ते राहिले असेल, तर निदान प्रत्येक पावतीवर पाच गोष्टी नीट लिहाव्यात: पूर्ण नाव, दहा अंकी नंबर, रक्कम, तारीख आणि ती कशासाठी दिली. देणाऱ्यानेही पावती घेताना ‘जकात’ की ‘लिल्लाह’ हे स्वतः पाहून घ्यावे. विश्वासाने सोपवलेला पैसा जशी अमानत आहे, तशी त्याची नोंदही अमानतच आहे.